काजळगडचं शेवटचं प्रकरण

गढा, जबलपूर
८ डिसेंबर १९७१

चि. हेमू,

आशीर्वाद पाठवतो आहे. नको असतील तर पोस्टमनला देऊन टाक, त्याच्या कामी येतील.

इतक्या वर्षांनी मोठ्या भावाचं पत्र आलं म्हणजे घरात कोणीतरी गेलं असं समजून तू उभ्याउभ्याच फोडशील, म्हणून आधी सांगतो, सगळे आहेत. बाबा आहेत, विनता आहे. मी तोफांच्या फॅक्टरीच्या इन्स्पेक्शन ऑफिसात बसून लोकांच्या कामातले दोष लिहितो आणि आपल्या मराठी मंडळाच्या वार्षिकात त्यांच्या स्वभावातले. बढती दोन्हीकडे नाही.

पत्राचं कारण मंडळ. मी चिटणीस आहे; दुसरं कोणी तयार नव्हतं. तुझा सिनेमा मुंबईत दिवाळीला लागला हे वर्तमानपत्रात वाचलं. इथे त्याची पाटी लागली आहे, 'शीघ्र आ रहा है'. आपल्या 'काजळगड' कादंबरीचं हिंदीत 'काजलगढ़' झालंय, तेवढं चालेल. खाली बारीक अक्षरांत 'संवाद : हेमचंद्र'. आडनाव काहून लावलं नाहीस? बाबांनी आडनाव काढून घेतलं नव्हतं, फक्त दार बंद केलं होतं.

बंडू म्हणतो, पहिल्या खेळाला तुला बोलवावं. बंडू म्हणजे आपल्या शेजारचाच, आता फॅक्टरीत चार्जमन झालाय आणि मंडळात 'काजळगड'वरचा शेवटचा शब्द त्याचा असतो. पहिला आणि मधलाही त्याचाच. मी म्हटलं, लढाई संपू दे.

कारण सध्या अख्खं जबलपूरच काजळगड झालंय. ज्योत चोरणाऱ्या राखपक्ष्याला उजेड दिसू नये म्हणून सिदोजीची आई सातव्या दाराशी पदराआड ज्योत धरून बसते ना, तशी विनता खिडक्यांना काळे कागद चिकटवून कंदिलाशी बसते. लहानपणी आपण मदनमहालच्या टेकडीलाच काजळगड समजायचो आणि अंधार पडला की तिकडे बघायचो नाही. आता सरकारनेच बघायची बंदी केली आहे.

फॅक्टरीत शिफ्टवर शिफ्ट चालली आहे. बाबांना निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की ते बूट घालायला घेतात. त्यांना वाटतं, शिफ्टचा भोंगा आहे. विनता बूट काढते, ते पुन्हा घालतात. तू बासष्टच्या लढाईत ओव्हरटाइमच्या ऐन गर्दीत नोकरी सोडून मुंबईला गेलास ते त्यांना आठवतं की नाही, सांगता येत नाही. परवा मला विचारत होते, "हेमू हजर झाला का?" मी म्हटलं, झाला. विनोदी लेखक आहे, खोटं बोलण्याची सवय आहे.

विनताचा विनय पश्चिमेच्या सीमेवर आहे. सेकंड लेफ्टनंट. तू पाहिलास तेव्हा गोट्या खेळत होता. आपल्या बहिणीचं दुसरं आहे कोण, हे तुला सांगायला नको. भाऊराव गेल्यापासून तिची शाळेतली नोकरी आणि तो मुलगा, एवढंच तिचं घर.

येणार असशील तर कळव. येणार नसशील तरी कळव, म्हणजे बंडूला सांगायला माझ्याकडे काहीतरी असेल.

दादा

गढा
२९ डिसेंबर

हेमू,

तुला तार केली होती ती मिळाली असं धरून चालतो.

आम्हालाही तारच आली. विनय बेपत्ता आहे. माणूस गेला असं लिहिलं तर लोक रडतात. जखमी लिहिलं तर धावपळ करतात. बेपत्ता लिहिल्यावर काय करायचं ते कोणी शिकवलेलं नाही. शेजारपाजारचे येतात, चपला काढतात, बसतात, आणि रडावं की धीर द्यावा हे न कळून चहा पिऊन जातात.

लढाई जिंकल्याचं तुम्हा मुंबईकरांनाही कळलं असेल. फॅक्टरीत मिठाई वाटली. बंडू खव्याच्या जिलबीचा पुडा घेऊन धावत आला, त्याला तारेचं माहीत नव्हतं. विनताने दार उघडलं. तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने पुडा पाठीमागे धरला आणि तसाच, तोंड आमच्याकडे करून, उलटा चालत पायऱ्या उतरला. एवढा मोठा माणूस, जिलबी लपवताना मी पहिल्यांदाच पाहिला. हसू आलं.

संध्याकाळी ती तिकडचा रेडिओ लावते. पकडलेल्यांची नावं सांगतात म्हणे. ती उशीला कान लावल्यासारखा रेडिओला लावून बसते. आपल्या शत्रूच्या तोंडून आपल्या मुलाचं नाव ऐकायला मिळावं म्हणून देव पाण्यात ठेवलेली बाई मी घरात पाहतो आहे. एरवी मी कशावरही दोन ओळी लिहिल्या असत्या. यावर लिहिता येत नाही.

मी कडी लावायला गेलो तर म्हणाली, "राहू दे दादा. लोटलेलंच राहू दे."

ती कुठून बोलते आहे हे मला कळलं, तुलाही कळेल. शेवटचं प्रकरण. मंडळाचं वाचन अजून तसंच चालतं, दर थंडीत, आठवड्याला एक प्रकरण, प्रत्येक वेळी वेगळ्या घरी. आणि शेवटचं आपल्याकडे, कारण वाचनालयातल्या एकुलत्या प्रतीची शेवटची पानं वाळवीने खाल्लेली आणि ती पाठ असलेला जबलपुरात एकच माणूस, मंडळाचे भय्यासाहेब म्हणजे आपले बाबा. बाबा ते वाचायचे नाहीत, सांगायचे. सिदोजी सातव्या दाराच्या आत जातो, चोरीला गेलेली ज्योत राखपक्ष्याच्याच पायाला बांधून बाहेर पाठवतो, दार मिटतं. इथे बाबा पानाचा डबा ओढायचे. सुपारी कातरत राहायचे. तू अंगठा चोखायचास आणि बंडूची आई "अहो, पुढे सांगा ना" म्हणून कळवळायची. मग, "दारावर थाप पडली. म्हातारी उठली नाही. नुसती म्हणाली, दार लोटलेलंच आहे, ये."

जबलपूरच्या मराठी घरांत कोणी गावाहून यायचं असलं की अजून असंच म्हणतात. बाहेरच्यांना वाटतं आमच्याकडे कड्या नाहीत.

यंदाचं वाचन बंद ठेवलं आहे.

दादा

गढा
१४ फेब्रुवारी १९७२

हेमू,

तुझं पत्र नाही, तुझा सिनेमा मात्र आला. मंडळाने दोन रांगा धरल्या होत्या.

विनताने येऊ नये असं मला वाटत होतं. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "हेमूनं लिहिलंय, आणि शेवट मला पाठ आहे. त्यात घाबरायचं काय?" पांढरी साडी नको म्हणून हिरवट नेसली. कोणाला काही बोलायला जागा राहू नये याची ती फार काळजी घेते.

मध्यंतरात चहाच्या ठेल्यावर जे झालं ते तुझ्या कानावर घालणं माझं कर्तव्य आहे. बंडूला तुझा हिरो मान्य नाही. पुस्तकातला सिदोजी एका डोळ्याने अधू आणि कुबड आलेला. तुझ्याकडे तो गोरापान आणि कुरळ्या केसांचा. राखपक्षी छत्रीच्या कापडाचा आहे हे लहान मुलांनीही ओळखलं. पण खरा राग दरवाज्याचा.

"शरदभाऊ, दरवाजा बाहेर उघडून राहिला ना!" बंडू म्हणाला. "किल्ल्याचा दरवाजा कधी बाहेर उघडते काय? आणि बिजागरी पाहिली? उलटी ठोकली आहे. पहिल्याच धक्क्याले खाली येते. आम्ही असा माल पास केला असता तर साहेबानं आम्हालेच तोफेत भरलं असतं."

लतिका, आपल्या साठ्यांची धाकटी, कॉलेजात शिकते, तिला सिनेमा आवडून राहिला होता. ती म्हणाली, "बंडूकाका, पिक्चर आहे ती. इन्स्पेक्शन काय करता? गाणी ऐका ना चुपचाप."

"गाणी! सिदोजी गाणं म्हणते काय पुस्तकात? त्याले दम्याचा विकार आहे, बाई. आठवं प्रकरण."

"तर मग त्यानं पूर्ण पिक्चरमध्ये खोकतच राहायचं का, काका?"

विनता हसली. डिसेंबरपासून पहिल्यांदा. मला वाटलं, देव तुझं भलं करो, बिजागरी उलटी लावलीस ते बरं झालं.

नंतर शेवट आला. दार मिटलं. पक्षी आला, ज्योत आली, गडावर दिवे लागले. म्हातारी दाराशी बसलेली. कॅमेरा मागे मागे गेला, ती लहान लहान होत गेली, आणि पडद्यावर 'समाप्त'.

सगळं थिएटर डोळे पुसत उठलं. आमच्या दोन रांगा बसलेल्याच. कोणी हललं नाही. आम्ही थाप पडायची वाट पाहत होतो. शेवटी बंडू उभा राहिला आणि ओरडला, "ओ भाईसाहब! आखिरी रील रह गई! रील लगाओ!"

टॉर्चवाला आला. "खत्म हो गई, बाबूजी."

"ऐसे कैसे खत्म हो गई? अभी तो वो वापस आएगा!"

"कौन वापस आएगा? तीन हफ्ते से चल रही है कटनी में, आज तक तो कोई नहीं आया."

तो बिचारा खरं तेच सांगत होता. पण त्याच्या टॉर्चचा उजेड विनतावर पडला होता. ती पदराचं टोक मुठीत धरून कोऱ्या पडद्याकडे पाहत बसली होती. मी तिला दंड धरून उठवलं.

रिक्षात गोरखपूर मोहल्ला मागे पडल्यावर तिने मूठ सोडली. मग म्हणाली, "हेमूनं थाप वाजवलीच नाही." थोड्या वेळाने, "दादा, तू त्याला लिही. सिनेमा अजून गावोगाव फिरून राहिलाय. बदलता येत असेल ना? एक थापच तर घालायची आहे. माणूस दाखवायचीही गरज नाही."

लिहितो आहे. सिनेमाचं मला कळत नाही. लागलेला सिनेमा बदलता येत नाही एवढं मला कळतं, तिलाही कळत असणार. तरी विचारतो. बदलता येतो का?

आणि बदलता येत नसेल तर एवढं सांग, तू असं काहून केलंस? पुस्तक तुझ्यासमोर होतं. तुला काय पडली होती?

दादा

गढा
२ मार्च

हेमू,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि खिशात ठेवून फॅक्टरीत गेलो, घरी ठेवायची हिंमत झाली नाही.

म्हणजे मूळ पुस्तकात थाप नाहीच. छापील, सबंध प्रतीत सिदोजी परत येत नाही. म्हातारी बसून राहते, गडावर दिवे लागतात, आणि कादंबरी संपते. हे तुला मुंबईला गेल्यावर तिथल्या वाचनालयात कळलं, आणि बाबांनी आपल्याला लहानपणापासून फसवलं म्हणून तू ते दार बाहेरूनही लावून घेतलंस. मला इतकी वर्षं वाटत होतं, भांडण नोकरीचं आहे.

पुढचं वाचून तर मी ऑफिसात मोठ्याने हसलो. शेजारचा म्हणाला, "क्या हुआ, बाबूजी?" काय सांगणार? निर्मात्याला हिरो परत यायलाच हवा होता, त्यासाठी गाणं तयार होतं, नाचणाऱ्या बाया उभ्या होत्या. तू पुस्तकासाठी भांडलास, नाव काढून घेईन म्हणालास, आणि जिंकलास! हिंदी सिनेमात लेखक जिंकला! तुझा सत्कार व्हायचा. त्याऐवजी, पुस्तकाशी प्रामाणिक राहिलास म्हणून पुस्तकाचे भक्त तुझ्यावर निषेधाचा ठराव आणताहेत. अख्ख्या हिंदुस्थानात नाचगाण्याच्या निर्मात्याच्या बाजूने उभं राहणारं एकच गाव आहे आणि ते आपलं. हे मी वार्षिकात लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, शरदराव, अतिशयोक्ती झाली.

मी वाचनालयात जाऊन प्रत पाहिली. शेवटची पानं नाहीत खरी. पण हेमू, वाळवी पट्टी लावून खात नाही. शिवणीपाशी एकसारखी, सरळ कापलेली आहेत. फॅक्टरीत आयुष्य काढलेल्या माणसाचा हात आहे तो. इन्स्पेक्शनमध्ये इतकी वर्षं बसून मला हे कधी दिसलं नाही, कारण कधी पाहिलं नाही.

कधी कापली असतील तेही मला समजलं. तू लहान होतास, तुला आठवणार नाही. मागच्या महायुद्धातलं ते वर्ष, आई इस्पितळात होती. त्या थंडीत बाबांनी पहिल्यांदा आपल्याला 'काजळगड' वाचून दाखवलं. शेवटच्या दिवशी पुस्तक मांडीवर होतं, दार मिटेपर्यंत वाचलं, आणि विनता रडायला लागली. विचारत होती, "परत येतो ना? बाबा, परत येतो ना?" बाबांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, "येतो ना. काहून रडतेस?" आणि थाप वाजवली, जमिनीवर, हाताने. मला वाटलं होतं, ती सिदोजीचं विचारते आहे.

आई त्यानंतर घरी आली नाही. पण सिदोजी येत राहिला, दर थंडीत. एकदा असं सांगून बसल्यावर बाबा तरी काय करणार? मंडळातल्या सगळ्यांनी ते प्रकरण त्यांच्याच तोंडून ऐकायचं ठरवून टाकलं.

तू म्हणतोस, छापील प्रत मंडळाला पाठवतो, म्हणजे तोंडं बंद होतील. पाठवू नकोस. हात जोडून सांगतो. तू खरा आहेस. तुझ्याजवळ पुरावा आहे. पण पुस्तक मंडळात आलं तर पहिल्यांदा विनताच्या हातात पडेल, ग्रंथपाल तीच आहे.

पाडव्याच्या कार्यक्रमात ठराव येणार. मांडणार बंडू, अनुमोदन विनता देणार. बंडूने मसुद्यात 'विकृत शेवट' असा शब्द घातला होता, तो मी खोडून 'अपूर्ण' केला. चिटणिसाचे अधिकार एवढेच.

तिला सांगावं म्हणून परवा जेवताना मी तोंड उघडलं. ती वाढत होती. मी म्हटलं, "विनते, एक सांगायचं होतं." ती थांबली. मी म्हटलं, "भाजीत मीठ कमी आहे."

मीठ बरोबर होतं.

दादा

गढा
१८ मार्च

हेमू,

ठराव एकमताने मंजूर झाला. प्रत सोबत जोडली आहे. 'जबलपूर येथील मराठी वाचकांची ही सभा काजलगढ़ या चित्रपटाच्या अपूर्ण शेवटाबद्दल तीव्र नापसंती व्यक्त करते.' खाली चिटणीस म्हणून सही माझी. हातही वर केला होता.

कसं झालं ते सांगतो, कारण ठरावात ते येत नाही.

गोरखपूरच्या हॉलमध्ये सभा होती. बंडूने दरवाज्यावरच बराच वेळ घेतला, बिजागरीचं चित्रही काढून आणलं होतं. मग शेवटाकडे वळला तेव्हा लतिका उठली.

"माफ करा हं. पण माझी मावसबहीण पुण्याला असते. तिच्याजवळ पुस्तक आहे. ती लिहिते की त्यातही तो वापस येतच नाही."

हॉलमधल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मी विनताकडे पाहिलं नाही.

"पुण्याच्या पुस्तकाचं आम्हाले सांगू नको!" बंडू गरजला. "पुण्याचे लोक छापता छापता काय गाळतील, त्यांचा काय भरवसा? भय्यासाहेब बसलेत इथे. त्यांनाच विचारा ना!"

बाबांना मी आणायला नको म्हणत होतो. पण पाडवा होता, त्यांना कोट घातला होता, पहिल्या रांगेत बसवलं होतं. ते सगळ्यांना हात जोडत होते, ज्यांना ओळखत नव्हते त्यांना जरा जास्तच. बंडू त्यांच्यापुढे वाकला. "भय्यासाहेब, शेवटचं प्रकरण सांगा. एकदा होऊनच जाऊ द्या."

मला वाटलं, ते मला विचारतील, कोणती शिफ्ट आहे. पण हेमू, 'शेवटचं प्रकरण' म्हटल्याबरोबर त्यांची पाठ सरळ झाली. सुरू झाले. एक शब्द इकडचा तिकडे नाही. सहावं दार, सातव्याशी बसलेली म्हातारी, पदराआडची ज्योत. आवाज तोच. बंडू इतका मोठा बाप्या, तोंड उघडं टाकून ऐकत होता. सिदोजी आत गेला. पक्षी सुटला. दार मिटलं.

बाबा थांबले. डावा हात पुढे गेला, पानाचा डबा ओढायला. डबा नव्हता. हात हवेत फिरला आणि खुर्चीच्या दांडीवर येऊन पडला.

आम्ही थांबलो. ते नेहमीच थांबायचे. पण हे थांबणं लांबत गेलं. मग मला दिसलं की ते सुपारी कातरत नाहीयेत, ते शोधताहेत. हॉलभर नजर फिरवत होते, एकेक चेहरा पाहत. बंडू हळूच म्हणाला, "मग, भय्यासाहेब?" त्यांनी त्याच्याकडे ओशाळून पाहिलं.

माझ्या हातात सभेची घंटी होती. वाजवून सभा तहकूब करता आली असती. शेवट मलाही पाठ आहे, उठून सांगताही आला असता. मी घंटी धरून बसून राहिलो.

शेवटी त्यांना विनता दिसली. त्यांचे डोळे भरून आले होते. तिला विचारलं, सगळ्यांदेखत, लहान पोरासारखं, "परत येतो ना गं तो?"

ती उठली. त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, साडी चुरगळेल याची पर्वा न करता. म्हणाली, "येतो ना, बाबा. काहून रडता?" आणि हाताने फरशीवर थाप दिली. मग दुसरी. "म्हातारी उठली नाही," ती म्हणाली. "नुसती म्हणाली, दार लोटलेलंच आहे, ये."

बाबा हसले. म्हणाले, "हां. असंच आहे ते." आणि सगळ्यांना हात जोडले.

मतदान मी घेतलं. लतिकाचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. ती रडत होती आणि मला सांगत होती, "काका, मावसबहिणीचं मी नाही लिहीत काही पुन्हा."

घरी परतताना बाबांना रिक्षात बसवलं आणि आम्ही दोघं मागून चालत आलो. रिक्षावाल्याला हळू चालवायला सांगितलं होतं. मी म्हणालो, "विनते, ती पानं..."

"बाबांनी कापली. मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी जागी होते. ते दाढीचं पातं घेऊन बसले होते आणि कापताना पान वाचत होते. दुसऱ्या दिवशी मी ती पानं चुलीपाशी पाहिली. जळायची होती अजून. तेवढं वाचता येत होतं मला."

"इतकी वर्षं तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग अनुमोदन काहून दिलंस? हेमूला लिहायला काहून लावलंस?"

पुढे रिक्षात बाबा काहीतरी गुणगुणत होते. "मला एकटीला माहीत होतं तोवर चालून जात होतं, दादा," ती म्हणाली. "बाकी सगळे म्हणायचे, येतो. इतके लोक म्हणतात तर येतही असेल, असं मलाही वाटायचं. हेमूनं ते सगळ्यांना दाखवून टाकलं. आता भाजीवाली पण माझ्याकडे पाहते तेव्हा तिनं पिक्चर पाहिलेली असते."

यावर तुझ्याजवळ उत्तर असेल तर कळव. तुझं चुकलेलं नाही. हे माझ्याशिवाय तुला इथून कोणी लिहिणार नाही, म्हणून लिहितो. तू पुस्तकाला जागलास. तरी एक मागतो, आणि मागायचा मला हक्क नाही. विनताला दोन ओळी लिही. लिही की शेवट करताना तुझी चूक झाली, थाप राहून गेली. त्या ओळी खोट्या आहेत हे तिला कळेल. तुला कळेलच. बाबांनाही ते कापताना कळत होतं. तुझ्या सगळ्या आयुष्यात तू एकच गोष्ट भांडून मिळवलीस आणि मी ती परत मागतो आहे, एवढं मला समजतं.

विनयचं काही कळलेलं नाही. कैद्यांची एक यादी आली, तीत नाव नाही. दुसरी येणार आहे म्हणतात.

कडी आम्ही लावत नाही. काल मांजर आत आलं, दुधात तोंड घालून गेलं. गढ्यातल्या चोरांना अजून पत्ता लागलेला नाही, लागला तरी नेण्यासारखं रेडिओशिवाय काही नाही, आणि तो विनता देणार नाही. वारा सुटला की दार हलतं आणि आम्ही तिघंही तिकडे बघतो. बाबांना कोणाची वाट बघतो ते आठवत नाही. विनताला ते कोणी विचारत नाही. आणि मी पहिल्या क्षणी उठून उभा राहतो, कारण मला वाटतं, तू असशील.

दादा